बाबांच्या नावाचं पाणी

माझ्या भावाने तीन कॅसेट कंपन्यांना नाही म्हटलं. आमच्या उज्जैनमधली मराठी मंडळी अजून म्हणतात, लक्ष्मी टिळा लावायला आली तेव्हा शैलेंद्र तोंड धुवायला गेला. कुणी म्हणतात पोराला माज होता. माज असता तर मी खुशाल त्याच्या नावाने बोटं मोडली असती. पण तो नुसता घाबरला होता. आम्ही सगळेच घाबरलो होतो, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवत होते.

साल पंच्याण्णव. टीव्हीवर केबल आलेली, गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागलेले, आणि पानाच्या टपरीपासून देवास गेटच्या स्टँडवरच्या बसपर्यंत जिथे तिथे टेप वाजत असे. शैलू बी.कॉम.ला दुसऱ्यांदा बसला होता. अभ्यासाच्या नावाने शंख, पण जीभ अशी चाले की ऐकणाऱ्याला धाप लागावी. परदेशातल्या रॅपच्या कॅसेटी त्याने कुठून तरी मिळवल्या होत्या. एक शब्द कळत नसे, तरी दिवसभर तेच. आई म्हणायची, "हा गाऊन राहिलाय की भांडून राहिलाय, समजतच नाही."

मग त्याने स्वतःचं एक गाणं बांधलं. हिंदीत. बंद पडलेल्या मिल, रिकामी बसलेली पोरं, सवारी टेम्पोतली धक्काबुक्की, गेलेली लाइट, सगळं त्यात होतं आणि हसवता हसवता चिमटा काढणारं होतं. पण खरी गंमत होती ती ध्रुवपदात. रॅपवाला म्हणे आधी आपण कोण, कुठले, हे छाती ठोकून सांगतो. शैलूला वाटलं, आपल्याकडे तर हे केव्हाचं आहे. लहानपणापासून दर पितृपक्षात तो बाबांबरोबर राम घाटावर जायचा, त्यांचे कपडे आणि तांब्या सांभाळायला. बाबा क्षिप्रेच्या पाण्यात उभे राहून तर्पण करायचे, गेलेल्या तीन पिढ्यांची नावं घेऊन ओंजळीने पाणी सोडायचे. आधी स्वतःचे वडील, मग आजोबा, मग पणजोबा. त्या मंत्राचा ठेका शैलूच्या कानात पक्का बसला होता. त्याने तो उचलला, वेग दुप्पट केला, आणि त्यात आपली नावं भरली.

चूक तिथे झाली. बाबा म्हणायचे, "पितरं यज्ञेश्वरशर्माणं", कारण यज्ञेश्वर त्यांचे वडील. शैलूने सरळ हिशेब केला की गाणारा मी, तर माझ्या बापापासून सुरुवात. "पितरं श्रीधरशर्माणं, पितामहं यज्ञेश्वरशर्माणं, प्रपितामहं भास्करशर्माणं, तर्पयामि, तर्पयामि, तर्पयामि." बापाचं नाव पहिलं, मोठ्या अभिमानाने. श्रीधर म्हणजे आमचे बाबा. माधव नगरच्या बँकेत हेडकॅशियर, धडधाकट, त्याच संध्याकाळी दोन वाट्या श्रीखंड खाऊन आलेले.

ती संध्याकाळ आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची होती. शैलू स्टेजवर उभा राहिला, उलटी टोपी घालून. पोरं नाचायला लागली. ध्रुवपद आलं तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या आल्या आणि पुढच्या दोन रांगा एकदम गप्प झाल्या. पुढे सगळे वयस्क बसले होते. मला वाटलं, यांना आवाज सहन होत नाही. मी हसलेसुद्धा.

गाणं संपलं तसे भय्यासाहेब उठले. भय्यासाहेब म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले. घराण्यातलं श्राद्धपक्षाचं काय करायचं, काय नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय कुणी करत नसे. ते बाबांजवळ आले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, ताप बघतात तसा.

"बरा आहेस ना, श्रीधर?"

"मला काय झालंय?"

"जिवंत बापाच्या नावाने पाणी सोडलं पोराने. चारशे माणसांसमोर, माइक लावून. ज्याचा बाप आहे त्याने हे म्हणायचंच नसतं रे. वडील हयात असताना तू कधी मला किंवा कोणाला म्हणताना ऐकलंस का?"

बाबा हसले. "दादा, पोराचं गाणं आहे ते. त्याला काय कळतंय."

"म्हणूनच म्हणतो," भय्यासाहेब म्हणाले, आणि चप्पल शोधायला निघून गेले.

बाबा घरी येईपर्यंत हसतच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लूना काढली नाही, बँकेत पायी गेले. म्हणाले, पेट्रोल वाचेल. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना ते इतका वेळ थांबले की मागून आलेल्या एका शाळकरी मुलीने हात धरून त्यांना पलीकडे नेलं. रविवारी त्यांनी आईला मीटरजवळ बोलावलं आणि फ्यूजची तार कशी बदलायची ते शिकवायला बसले.

"मला कशाला शिकवताय? तुम्ही आहात ना," आई म्हणाली.

"असू दे. माहीत असलेलं बरं."

आईने तार हातात घेतली आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. तोवर घरात कोणी त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. शैलू आतल्या खोलीतून बाहेर आला, त्याने आईकडे बघितलं, बाबांच्या हातातल्या पकडीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी बदलतो," तो म्हणाला. "नावच काढून टाकतो. दुसरं टाकतो."

तो तसाच सायकलवरून भय्यासाहेबांकडे गेला, मी त्याच्या मागे. भय्यासाहेब दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच उत्तर दिलं. "नाव बदलून काय होणार? पाणी कोण सोडतंय ते बघतात, बेटा. 'पितरं' म्हणणारा तू, तर बाप तुझाच. मग तू नाव रामलाल घे की श्यामलाल."

मला त्यांचा इतका राग आला की तो साबणाचा मग त्यांच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. म्हाताऱ्याला एक खोटं बोलता आलं नसतं? पण शैलूने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि तो बाहेर आला. "ताई, मी आता ते परत गाणार नाही," तो म्हणाला. मला वाटलं, विषय मिटला.

मिटतो कसला. गणेशोत्सवाच्या आधीच त्याने इंदूरच्या एका लहानशा स्टुडिओत मित्रांच्या पैशाने ते गाणं टेप केलं होतं. त्या टेपच्या कॉपीवर कॉपी निघत होत्या. कॉलेजच्या कँटीनमध्ये, टेम्पोत, गॅरेजमध्ये शैलूचा आवाज माझ्या बापाच्या नावाने पाणी सोडत होता, आणि साइड संपली की कोणी तरी ती पुन्हा लावत होतं.

पितृपक्ष लागला. आजोबांच्या तिथीला बाबा नेहमीप्रमाणे राम घाटावर निघाले, पण शैलूला म्हणाले, "तू राहू दे." तो दारात तांब्या घेऊन तयार उभा होता. त्याच्या हातातून तांब्या मी घेतला.

घाटावर गर्दी होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मी पायरीवर पंचा घेऊन. गुरुजी सांगत होते, बाबा म्हणत होते. बाबांना हे सगळं इतकं पाठ की गुरुजींच्या आधीच शब्द निघायचे. त्या दिवशीही तसेच निघाले.

"अस्मत्पितरं श्रीधर..."

बाबा थांबले. त्यांच्या ओंजळीत पाणी होतं. गुरुजींनी मान वर केली. आमच्या घरचं नाव त्यांना माहीत होतं. "यज्ञेश्वर म्हणा, यज्ञेश्वर," ते हळूच म्हणाले. ओंजळ घट्ट धरून बाबा तसेच उभे राहिले, पाणी सोडलं तर काय होईल आणि नाही सोडलं तर काय, हे जणू त्यांना कळतच नव्हतं. बोटांच्या फटींतून ते आपलं आपणच गळून गेलं. मी पायरीवरून बघत होते. पाण्यात उतरून त्यांना ओढून आणावं असं वाटत होतं आणि मी हातातला पंचा पिळत राहिले. मुलांना मी शिकवत असे की भीती म्हणजे ग्रंथींचा स्राव. तो स्राव त्या दिवशी माझ्या टाळूपर्यंत आला.

त्यानंतर बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईने मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा हट्ट धरला, म्हणून मी त्यांना इंदूरला घेऊन निघाले. देवास गेटला बस उभी होती. आम्ही चढलो, खिडकीजवळ बसलो आणि ड्रायव्हरने टेप सुरू केला. पहिल्या कडव्यालाच मी उठले. "भय्या, यह बंद कर दो."

"क्यों दीदी, अपने उज्जैन का लड़का है," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने आवाज वाढवला.

बाबा माझ्याआधी खाली उतरले होते. स्टँडच्या बाकावर बसून शर्टाचं बटण उघडायचा प्रयत्न करत होते, घामाने निथळत होते. एक कंडक्टर धावत आला, भला माणूस, त्याने बाटली उघडली. "बाबूजी, हाथ करो, पानी लो." बाबांनी सवयीने ओंजळ पुढे केली, आणि पाणी त्यात पडताच असा हात झटकला की कंडक्टरचा शर्ट भिजला. मागे बसमधून "तर्पयामि, तर्पयामि" चालूच होतं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय उत्तम निघालं. "घबराहट है, और कुछ नहीं," ते म्हणाले. आई मात्र म्हणाली की अजून काही झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिला मी वेड्यात काढलं आणि रोज सकाळी बाबा उठले की नाही ते बघायला त्यांच्या खोलीत डोकावायला लागले.

अशा दिवसांत कंपन्या यायला लागल्या. पहिली इंदूरची होती. टेप ऐकून त्यांनी निरोप पाठवला, शैलूने नाही म्हटलं. दुसरा फोन मुंबईहून शेजाऱ्यांकडे आला. शैलू म्हणाला, "हे गाणं सोडून दुसरी घ्या, माझ्याकडे चार आहेत." त्यांना तेच हवं होतं. शैलूने फोन ठेवला आणि तो शेजारच्या काकूंनी दिलेला पेढा तसाच हातात धरून घरी आला. काकूंना वाटलं, सगळं जमलं.

दिवाळीच्या आधी दिल्लीचा माणूस सरळ घरीच येऊन टेकला. सोनेरी चष्मा, अत्तराचा वास, आणि बोलणं इतकं गोड की चहात साखर घालायची गरज नव्हती. त्याने कॅसेट, फोटो, टीव्हीवर गाणं, सगळं मांडलं आणि कराराच्या कागदावर पेन ठेवून पुढे सरकवलं. शैलू म्हणाला, "बाकी पूरा ले लीजिए. वह संस्कृतवाला हिस्सा निकाल दूँगा."

"अरे, वही तो माल है, बेटे. बाकी तो सब गा रहे हैं."

"तो नहीं होगा."

तेव्हा आतून बाबा आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "सही कर," ते शैलूला म्हणाले. "माझ्यामुळे अडू नको. मी काय, आज ना उद्या जायचाच आहे. माझं नाव पुढे करून तू घरी बसलास तर ते मला सहन होणार नाही."

शैलूने त्यांच्याकडे बघितलं. बाबांचा आवाज अगदी बँकेतल्यासारखा होता, पण दाराची चौकट त्यांनी अशी पकडली होती की नखं पांढरी पडली होती. ते मलाही दिसलं. दिल्लीवाल्यालाही दिसलं असेल, त्याला अर्थ कळला नसेल. शैलूने पेन त्याच्याकडे परत सरकवलं.

"नहीं, साहब. मुझसे नहीं होगा."

"लड़के, ऐसी गाड़ी एक बार आती है," तो माणूस उठत म्हणाला. "और सुन, गाना तूने कहीं रजिस्टर कराया है क्या? नहीं ना? तो जो हवा में है, वह हवा का है."

त्याचं हे बोलणं आम्ही मनावर घेतलं नाही. आम्हाला वाटलं, चिडून बोलला. शैलूने गाणं सोडलं. रॅपच्या कॅसेटी एका मित्राला देऊन टाकल्या आणि बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणली. घरात तो इतका हळू बोलायला लागला की आई त्याला दोनदा विचारायची, काय म्हणालास. बाबा त्याच्याशी नजर मिळवत नसत. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि दोघंही सुकत चालले होते.

होळीनंतर एक दिवस आई भाजी न घेताच बाजारातून धापा टाकत आली. "तेजू, शैलूचं गाणं वाजून राहिलंय. पण आवाज शैलूचा नाही."

मी आणि शैलू गेलो. टपरीवर नवीकोरी कॅसेट होती. वर कुरळ्या केसांच्या एका पोराचा फोटो, नाव मोंटी किंग, खाली दिल्लीची कंपनी. शब्द न् शब्द शैलूचा. त्या पोराला आणि त्याच्या कंपनीला त्या संस्कृतचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून "श्रीधरशर्माणं"सुद्धा जसंच्या तसं उतरवलं होतं. माझं डोकं असं फिरलं की मी कोर्ट-कचेरीची भाषा करायला लागले. शैलूने एक कॅसेट घेतली आणि घरी आणली.

तोवर आईने भय्यासाहेबांना बोलावून आणलं होतं. त्यांनी कॅसेट ऐकली, फोटो बघितला आणि बराच वेळ विचार केला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, मीसुद्धा. शेवटी ते म्हणाले, "म्हणणारा हा. म्हणजे पाणी याचं आणि बापही याचा. शैलूचं ते एकदा अजाणतेपणी झालं, ते या इतक्या कॅसेटींच्या ढिगाखाली गेलं समज. तू सुटलास, श्रीधर."

बाबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता. ते उठले, स्वतः टेपजवळ गेले आणि कॅसेट पुन्हा लावली. ध्रुवपद आलं तसा त्यांनी मांडीवर ताल धरला. सहा महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. आईने शिरा करायला घेतला. मलाही रडू आलं, आनंदाचंच. शैलू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता.

"पण त्या पोराचे वडील असतील तर?" तो म्हणाला.

आईचा झारा थांबला. बाबांचा हात मांडीवर तसाच राहिला. भय्यासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"ते त्यांचं त्यांनी बघावं," आई म्हणाली.

"त्यांना माहीत नाही ना, आई."

तो उठला. कॅसेटच्या कागदावर कंपनीचा नंबर होता. मी त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. काचेचं दार लावून त्याने नंबर फिरवला आणि रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. ऑफिसातल्या कोणीतरी मोंटीला हाक मारली. फोनवर आलेला आवाज अगदी कोवळा होता, फोटोपेक्षा लहान.

"उज्जैन से बोल रहा हूँ," शैलू म्हणाला. "आपका गाना सुना. अच्छा गाया है."

"थैंक यू, सर."

"एक बात पूछनी थी. आपके पिताजी हैं?"

"हाँ जी, हैं. यहीं बैठे हैं, आज साथ ले आया. पापा तो इस गाने के दीवाने हैं, सर. सुबह उठते ही लगा देते हैं, पूरे मोहल्ले को सुनाते हैं. बात करेंगे?"

शैलूने माझ्याकडे बघितलं. त्याला काय सांगायचं होतं ते मला कळलं. आणि सांगितलं तर दिल्लीतल्या त्या घरात उद्यापासून काय सुरू होईल, हे आम्हा दोघांइतकं कोणाला माहीत असणार? तिथेही कोणी तरी रस्त्याच्या कडेला ताटकळत उभं राहील, कोणी बायकोला फ्यूज शिकवेल. पलीकडे माणूस फोनवर आला होता, "हलो, हलो, कौन भाई?" म्हणत होता. आवाज खणखणीत होता, मोकळा.

"कुछ नहीं, अंकल," शैलू म्हणाला. "अपनी तबीयत का ख्याल रखिएगा."

घरी आलो तेव्हा शिऱ्याचा वास पसरला होता. बाबा दाराकडेच बघत बसले होते.

"विचारलंस?"

"विचारलं," शैलू म्हणाला. "वडील नाहीत त्याला. लहानपणीच गेले."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी टेप पुन्हा सुरू केला. शैलूने आईच्या हातातून बशी घेतली आणि तो बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाणं चालू होतं, आणि प्रत्येक ध्रुवपदाला शैलूचे ओठ घट्ट मिटत होते.